लाल दोऱ्यातली तिघं

नानायने, माझ्या आईने, उभ्या जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

आमच्या बेटावर बाळाची नाळ गळून पडली की आई ती वाळवून ठेवते. पुढची पोरं झाली की सगळ्यांच्या नाळा एका दोऱ्यात बांधायच्या आणि चुलीच्या वर धुरात टांगायच्या. म्हणजे मोठेपणी भावंडांची ताटातूट होत नाही. आमच्या चुलीवर तीन होत्या. एक माझी, एक पाठच्या भावाची, सांतोची, आणि एक धाकट्या बहिणीची, फेलीनाची, जी चार वर्षांची होऊन तापाने गेली. मी हाँगकाँगला घरकामाला निघाले त्या सकाळी स्टुलावर चढले आणि माझी सोडवून घेतली. कुणाला विचारलं नाही. परक्या देशात आपलं काहीतरी अंगाशी असावं, एवढंच वाटलं. तेवीस वर्षांची होते, अक्कल बेताचीच.

चार महिन्यांत ती गेली. रुमालात बांधून एप्रनच्या खिशात ठेवली होती आणि तो एप्रन मीच मॅडमच्या मशीनमध्ये टाकला. रुमाल लख्ख धुऊन निघाला. त्यात काही नव्हतं. मशीनची जाळी उघडून मी बोटांनी चाचपत बसले, तर मॅडमला वाटलं माझी अंगठी हरवली. बिचारीने टॉर्चही आणून दिला.

नानाय फोनवर विचारायची, "नीट आहे ना गं, इंदाय?"

"आहे. ट्रंकेत आहे."

एकोणीस वर्षं मी हेच सांगत आले. खोटं एकदा बोलायला जड जातं, मग ते तब्येतपाण्याच्या चौकशीसारखं सवयीचं होतं.

दहा वर्षांपूर्वीच्या वादळात आमचं छप्पर उडालं. फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, तातायचा, म्हणजे वडिलांचा, लग्नातला शर्ट, सगळं समुद्राने नेलं. फेलीनाचा होता तो एकुलता एक फोटोही गेला. वादळाच्या आदल्या दिवशी नानायने नाळा बिस्किटांच्या डब्यात घातल्या होत्या, तो डबा सांतोला तिसऱ्या दिवशी चिखलात सापडला. तेव्हापासून नानाय तो उशाखाली घेऊन झोपायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

त्याच वर्षी सांतो दूर पालावानला बोटीवर कामाला गेला. तीन वर्षांनी ताताय वारले. मला सुट्टी मिळाली नाही.

"शेजाऱ्यांनी खांदा दिला बापाला," सांतो फोनवर म्हणाला. "तू रड तिकडे भांडी घासत."

"आणि तू? आजारपणात किती वेळा फिरकलास?"

त्यावर त्याने फोन ठेवला. सात वर्षं आम्ही एकमेकांचं नाव घेतलं नाही. नानायच्या मते यात आमच्या जिभांचा दोष नव्हता, मी सोडलेल्या गाठीचा होता.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरने दोन बोटांनी पोट दाबलं आणि घरी न्या म्हणाला. मी काम सोडून आले, तेव्हा ती दारात बसून शेजारणीची सुकी मासळी निवडत होती. डोळ्यांनी आता दिसत नव्हतं, पण तिला डोळे लागतच कुठे होते. पन्नास वर्षं तिने नाकाने मासळी पारखली. "ही परवाची. हिला मीठ कमी पडलंय. ही फेक." मला जवळ ओढून माझाही वास घेतला आणि म्हणाली, "साबण बदललास."

दोनच दिवसांत ती अंथरुणाला खिळली.

"सांतोला बोलाव," ती म्हणाली. "आणि तुझी काढ ट्रंकेतून. माझ्या हाताने बांधते तिघांना, मग मी सुटले."

माझ्या तोंडून निघालं, "ट्रंक बोटीने येतेय, नानाय. अजून लागली नाही बोट."

बोटीने सामान यायला महिना लागतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ती बरं म्हणाली.

त्याच दुपारी मी आलं चिरलं, करंगळीच्या पेराएवढा तुकडा घेतला आणि चुलीवर धुरात टांगला. सुंठ झाली, काळपटली, आक्रसली की ती नाळेसारखीच दिसते. मोडल्याशिवाय वासही फारसा येत नाही. फारसा येत नाही, पण ते नाक नानायचं होतं. म्हणून मी तो आणखी धुरवला, आणखी वाळवला. आतून तिचं कण्हणं यायचं, मी चुलीपुढे बसून तुकडा उलटापालटा करायचे.

"बोट लागली का गं?"

"नाही अजून."

"चुलीशी काय करत असतेस एवढं?"

"मासे भाजतेय."

"मग वास कसा येत नाही?"

मी चुलीत फुंकर घालत राहायचे. दुखणं अंगावर आलं की ती चादरीचं टोक दातात धरायची. ओठ पांढरे पडायचे. मी म्हणायचे, औषध घे, झोप. ती म्हणायची, "झोपले आणि उठलेच नाही तर? बोट येऊ दे आधी."

तीन आठवडे तिने असे काढले.

सांतो आला तो दारातच उभा राहिला. सात वर्षांनी पहिलं वाक्य बोलला, "जाड झालीस, मनांग." थोरल्या बहिणीला आमच्याकडे मनांग म्हणतात.

"आणि तुझे केस कुणी नेले?"

आतून नानाय हसली. हसताना दुखलं तिला, तरी हसली. मी लगेच म्हटलं, ट्रंकही आलीय आज. सांतो ओसरीवर नजर टाकून काही विचारणार होता, मी डोळे वटारले.

आम्ही तिला टेकून बसवलं. तिने उशाखालचा डबा स्वतः उघडला, त्या दोघांचा जोड काढला आणि झाकण घट्ट लावून टाकलं. मी माझा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो चाचपला, मग नाकाशी नेला. किती वेळ धरला असेल कोण जाणे. मला वाटलं, आता म्हणेल. मरणाच्या दारातल्या आईला फसवणारी लेक म्हणून मी जन्मभर राहीन.

"एकोणीस वर्षं हाँगकाँगात," ती म्हणाली. "वास बदलायचाच."

आणि लाल दोरा मागितला. दोरा दोनदा निसटला. सांतो मदतीला सरसावला तर त्याच्या हातावर चापट बसली. तिने तीन गाठी मारल्या.

"घट्ट बसलं का बघा. दोघांनी बघा."

आम्ही दोघांनी एकाच वेळी ओढून पाहिलं. आमची बोटं एकमेकांना लागली. नानायने दोन चमचे पेज मागून घेतली.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती गेली. सांतो अंगणात मासळी वाळवायचं मोडकं मचाण दुरुस्त करत होता, मी तिच्या कपाळावरची पट्टी पिळत होते. मला वाटलं होतं मी तयार आहे. कुठली तयार. पट्टी घेऊन तशीच उभी राहिले आणि पाणी पायांवर गळत राहिलं. तिघांचा जोड तिच्या मुठीत ठेवूनच आम्ही तिला पुरलं.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, बायका उठून गेल्या. सांतो झाडायला लागला. माझ्याने राहवेना.

"सांतो, माझी नाळ खोटी होती. सुंठ होती ती. खरी मी केव्हाच हरवली."

तो झाडूवर रेलला. रागवेल असं वाटलं होतं. पण तो खाली बसला.

"माझीपण," तो म्हणाला. "फेलीनाचीपण. चिखलात डबा सापडला तेव्हा आत नुसता लगदा होता, मनांग. आसऱ्याला गेलेली नानाय चर्चच्या फरशीवर बसून एकच विचारत होती, माझी फेलीना सापडली का, फेलीना सापडली का. मी काय सांगणार होतो? पाद्रींच्या स्वयंपाकघरात सुंठ होती. दोन तुकडे बांधले आणि दिले."

"तिने वास घेतला?"

"घेतला. पापाही घेतला."

सांतोने झाडू भिंतीला टेकवला. मग मी उशाखालचा डबा काढला. रिकामा असेल असं वाटलं होतं, पण तो वाजला.

आत कागदाच्या दोन पुड्या होत्या. पहिलीत सुंठेचे दोन तुकडे होते, किडींनी पोखरून चाळण झालेले.

सांतोने ते उचलून उजेडात धरले. "हे माझे. मी दिलेले. मग मुठीत ठेवले ते...?"

ते तिने स्वतः केले होते. त्याच्या सुंठेला कीड लागली, तेव्हा त्याला न कळवता नवे तुकडे वाळवून बांधले होते.

दुसरी पुडी माझ्या हाँगकाँगच्या पत्राच्या कागदाची होती. माझंच अक्षर. आत करंगळीच्या पेराएवढा सुंठेचा एक तुकडा होता, धुराने काळा झालेला, लाल दोरा आधीच गुंडाळून ठेवलेला.

माझी म्हणून तिने तो आधीच करून ठेवला होता. मी रिकाम्या हातांनी तिच्यापुढे बसले असते तरी चाललं असतं, पहिल्याच दिवशी. आणि मी तिला तीन आठवडे सांगत राहिले, की बोट अजून लागली नाही.