दांडाची चादर

विजयाबाईंच्या पाठीला दांड टोचला आणि त्या पडल्या जागी ताठ झाल्या.

दांड म्हणजे मधली शिवण. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, विरलेला पट्टा काढून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड काठ आत आणून एकमेकांना जोडायचे. पूर्वी लुगड्यांना दांड घालत, धोतरांना घालत, चादरींनाही घालत. त्यात चादर आणखी कितीतरी वर्षं निघायची. फक्त निजणाऱ्याच्या कण्याखाली शिवणीचा वळ यायचा.

सोमवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. चार दिवस उताणंच झोपा, मान खाली घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डावा डोळा महिन्याने व्हायचा होता, त्यामुळे खोली त्यांना ताकातून पाहावी तशी दिसत होती. पण बोटांना दिसायला डोळे लागत नाहीत. त्यांनी हात पाठीखाली घालून शिवण चाचपली. उलटी टीप, दर वितीला एक गाठ. शिवण त्यांच्याच हातची होती.

म्हणजे ही तिसऱ्या थप्पीतली.

संगमनेरच्या घरात अंथरुणांच्या कपाटात तीन थप्प्या असत. पहिली जावयांची आणि व्याह्यांची: पांढऱ्या शुभ्र चादरी, नीळ आणि खळ दिलेल्या, भरतकाम केलेले अभ्रे. दुसरी घरातल्यांची. तिसरी आल्यागेल्याची. तिच्यावर ड्रायव्हर निजे, गवंडी निजे, तापाने फणफणलेलं माणूस निजे, बाजूला बसलेली बाई निजे, बाळंतीण निजे. कुणाला कुठली थप्पी, हे घरात कधी कुणी बोलून दाखवलं नाही. ज्याला मिळायची त्याला आपोआप कळायचं.

अकरा वर्षांपूर्वी मुलाने, धवलने, नगरला सावेडीत बंगला बांधला, तेव्हा इथलं कपाटही त्यांनीच लावून दिलं होतं. कापड बाजारात चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी मांजरपाटाचा कोपरा चिमटीत चोळून बघितला, खळ गळाली की ठाण परत केलं. घरी आणून चादरी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवल्या, घड्यांमध्ये वेखंड ठेवलं. तिसऱ्या थप्पीसाठी मात्र जुन्या चादरी त्यांनी संगमनेरहून गाठोडं बांधून आणल्या होत्या. नव्या कोऱ्या चादरी तिसऱ्या थप्पीत कोण घालतं?

आता त्यातलीच एक त्यांच्या पाठीखाली होती, आणि तीही नेमकी याच आठवड्यात. यजमान, मार्तंडराव, जाऊन दोन वर्षं झाली. धवल मागे लागला होता, आई, तिकडचं घर विकू आणि तू कायमची इकडे ये. रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. विजयाबाईंनी मनातून जवळजवळ होकार दिला होता. या खोलीत पलंग कुठे, देव कुठे ठेवायचे, हेसुद्धा त्यांनी पडल्यापडल्या ठरवलं होतं. कायमचं राहायला येणाऱ्या सासूला या घरात तिसरी थप्पी मिळणार होती तर.

तळपायाची आग मस्तकात गेली.

चांगुणा चहा घेऊन आली. ती सोनईकडची, बंगला झाला तेव्हापासून इथेच कामाला होती आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची.

"चांगुणा, ही चादर कुणी घातली?"

"मीच की. रोज मीच घालते."

"कुठल्या थप्पीतली?"

"बाई, च्या घ्या. निवून जाईल."

"मी चहाचं विचारलं नाही."

"खालच्या."

"वरची दिसली नाही तुला?"

"दिसती की. काल वरचीच घातली हुती. आज सकाळी वहिनींनी काढाय लावली, म्हणल्या खालची घाल." चांगुणाने बशी पुढे सरकवली. "आता मला काय इचारू न्हका. त्या साडेपाचला येत्यात."

चहा तसाच राहिला. चांगुणा आत गेल्यावर विजयाबाई उठल्या, भिंतीला धरून कपाटापाशी गेल्या आणि फळ्या चाचपल्या. वरच्या फळीवर चादरी काठोकाठ होत्या, कडक, थंड, घडी न मोडलेल्या. जावई तीन वर्षांतून एकदा यायचे, तेही दुपारचं जेवून परत. म्हणजे चादरींचा तुटवडा नव्हता. विसरभोळेपणाही नव्हता. त्यांनी कपाट एवढ्या जोरात लावलं की चांगुणा दारात येऊन बघून गेली.

सून मैत्रेयी कॉलेजातून शिकवून आली तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या.

"आई, उठून का बसलात? टाके नाहीत म्हणून काय झालं?"

"ही चादर तू घालायला लावलीस?"

"हो."

कुठली चादर, असं ती विचारील, चांगुणावर ढकलील, असं त्यांना वाटलं होतं. तडक होकार आल्यावर मनात तयार ठेवलेली सगळी वाक्यं विस्कटली.

"कारण?"

"डोळ्यात औषध घालतो, ते ओघळतं. पिवळा डाग पडतो. आजाऱ्याला खालची चादर. नियम तुमचा आहे."

"मी काय रस्त्यावरून आलेली आहे?"

"मी आले होते का?" मैत्रेयीने पर्स खुर्चीवर ठेवली. आवाज चढला नव्हता. "धाकटीच्या वेळी मी संगमनेरला होते. सव्वा महिना हीच चादर होती माझ्याखाली. टाके पडलेले, वळता येत नव्हतं, आणि हा दांड कण्याखाली. तुम्हाला एकदा म्हटलंही होतं मी. तुम्ही म्हणालात, बाळंतिणीला काय मखमल हवी का."

"अगं, बाळंतिणीला कोणी नवी चादर देतं का? दूध सांडतं, डाग पडतात. माझ्या वेळी तर पोत्यावर..."

"त्याच आठवड्यात जावई आले होते. एका रात्रीसाठी. तुम्ही माझ्या खाटेशी येऊन मला विचारलंत, मैत्रेयी, त्यांच्या उशीला मोराचे अभ्रे घालू की कमळाचे? आठवतं?"

विजयाबाईंना आठवलं. मोराचेच घातले होते.

"सोळा वर्षं हे पोटात ठेवलंस, आणि आज माझा डोळा बांधलेला असताना काढलंस," त्या म्हणाल्या. "तोंडाने सांगायचं होतं."

"तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एका चादरीचं काय घेऊन बसलीस. तुम्ही कायमच्या राहायला येताय. येण्याआधी एकदा कळू दे, असं मला वाटलं. सकाळपासून मलाही बरं वाटत नव्हतं. पण घातली."

गप्प बसणं विजयाबाईंच्या स्वभावात नव्हतं. राग कुठेतरी टाकायला हवा होता.

"चांगुणा," त्यांनी हाक मारली. "ती खालची थप्पी सगळी बाहेर काढ. भांडीवालीला देऊन टाक. या घरात उद्या दांडाची एक चादर दिसता कामा नये."

चांगुणा हात पुसत आली. "सगळी?"

"सगळी."

"मग मी कशावर निजू?"

मैत्रेयी वळली. विजयाबाईंनी आवाजाच्या दिशेने मान फिरवली.

"लांबनं ऐकत हुते मी तुमचं दोघींचं," चांगुणा म्हणाली. "एवढी वाईट हाय व्हय ती चादर? अकरा वर्सं निजते मी तिच्यावर. मला वाटायचं, जुनी हाय, मऊ हाय, म्हणून देत्यात."

सासूने लावलेली फळी सुनेने अकरा वर्षं तशीच चालवली होती. सोळा वर्षांचा हिशेब मागणाऱ्या मैत्रेयीला मागच्या खोलीत काय अंथरलंय, हे एकदाही सुचलं नव्हतं. विजयाबाईंना तर सुचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या अंगाची लाही झाली, आणि ज्याच्यावर चिडायचं ते माणूस सापडेना, म्हणून आणखीच झाली.

"वरच्या दोन काढ," त्या म्हणाल्या. "एक इथे घाल, एक तुझ्या खोलीत."

"मला नको."

"का?"

"डाग पडला तर ऐकायचं कुणी?"

"कोण बोलणार आहे तुला?"

"तुमी न्हाई तर वहिनी. कुनीतरी बोलंलच." तिने चहाचा गार झालेला कप उचलला आणि ती निघून गेली. आत भांडी रोजच्यापेक्षा जोरात वाजू लागली.

सातला धवल आला. चपला काढता काढताच म्हणाला, "आई, घर घेणाऱ्या काकासाहेबांचा फोन होता. रविवारी अकराला कागद घेऊन येतायत. तू फक्त सही करायची."

"त्यांना येऊ नका म्हणून सांग."

"म्हणजे? झालं काय?"

"मी सांगते," मैत्रेयी म्हणाली.

"तू काही सांगू नकोस," विजयाबाई म्हणाल्या. "घर माझं आहे, मी सांगते. मला ते विकायचं नाही. शनिवारी तपासणी झाली की मी संगमनेरला चालले."

"अगं, आणि दुसरा डोळा?"

"संगमनेरात डोळ्यांचे डॉक्टर संपले नाहीत."

"काल तर तू हो म्हणत होतीस."

"काल म्हणत होते."

धवलने बायकोकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, मुलगा आपल्या बाजूला आला असता, हे विजयाबाईंना ठाऊक होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण ते बोललं की पुढचं सगळं बोलावं लागणार होतं, बाळंतपणाचं, अभ्र्यांचं, मागच्या खोलीचं. त्यांनी दात आवळून ते गिळलं, आणि गिळावं लागलं याचाही त्यांना संताप आला.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

धवलने फोन काढला. पलीकडे घंटी वाजत होती, तोवर विजयाबाई पलंगाच्या कडेला ताठ बसून राहिल्या. डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलंय, असं मैत्रेयी हळूच म्हणाली. त्यांनी ते ऐकलं, पण त्या आडव्या झाल्या नाहीत.