फाटकापाशी विझलेली मोटार

मित्रांनो, चुडावा गावात कापसाचे व्यापारी मन्मथअप्पा यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, ती काळी मोटार मीच. मुंबईला बोटीतून उतरले आणि रेल्वेने निजामाच्या मुलखात, पूर्णा जंक्शनवर आले. घरी आले त्या दिवशी अप्पांच्या लेकीने, नऊ वर्षांच्या भागम्माने, माझ्या बॉनेटवर भस्माची तीन बोटं ओढली. चंद्रभान माझा ड्रायव्हर झाला. माझा आवाज ऐकून लोक वाटेवर थांबत, तेव्हा मला फार मिरवावंसं वाटे.

पुढे दुसरं महायुद्ध लागलं. पेट्रोल मिळेना. मी महिनोन्‌महिने उभी राहिले, आणि पुन्हा बाहेर निघाले ती दुखणं घेऊनच. थंडीच्या सकाळी मला चालू करायला पुढून हँडल मारून मारून चंद्रभानचे खांदे भरून येत. चालू झाले तरी उभ्या जागी मी हिवताप आल्यासारखी थरथरे आणि विझून जाई. कोस-दीड कोस पळून अंग तापलं की मात्र नीट चाले.

चंद्रभानने प्लग घासले, टाकी धुतली. गुण येईना, तेव्हा त्याने पूर्णेहून रेल्वेतला फिटर बन्सीधर याला आणलं. बन्सीधरने मला चालू ठेवून कान लावला. मग तेलाच्या झारीने एकेका सांध्यावर थेंब सोडत गेला. कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब पडला आणि माझी थरथर क्षणभर थांबली.

"हितून फुकटचा वारा ओढायलीय ही," तो म्हणाला. "सांधा बंद ठिवणारं मधलं गास्केट चिरलंय. थंडीत पेट्रोल आधीच कमी पडतं, त्यात हा वारा. नवं हैदराबादहून मागवा. तवर दोन दिस गाडी उभी ठिवा."

कापसाचा हंगाम होता, अप्पांना रोज खरेदीला फिरायचं होतं. अप्पा म्हणाले, "तापली की पळती न्हवं? मंग कशाला उभी ठिवायची? चंद्रभान, तुलाच सकाळचं हँडल माराया जड जायलंय."

"तसं न्हाई, अप्पा. कवा तरी घात करंल ही."

"हंगाम होऊ दे. मंग बघू."

लग्न होऊन सासरी गेलेली भागम्मा पौषात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी सुईण नर्मदाबाई बाहेर आली. "मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. पूर्णेच्या डॉक्टरकडं न्या."

पाऊण तासाने मी कशीबशी चालू झाले. मागच्या सीटवर आईच्या, नागुबाईंच्या, मांडीवर भागम्माचं डोकं होतं. गाव सोडलं आणि रेल्वेचं फाटक बंद. ब्रेक दाबायला चंद्रभानने पेट्रोलच्या पॅडलवरून पाय उचलला, तेवढ्यात मी विझले.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. चंद्रभान हँडल मारत राहिला. हँडलने उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट मोडलं. तो डाव्या हाताने मारू लागला. मागून भागम्मा हळू आवाजात म्हणाली, "चंद्रभानकाका, ऱ्हाऊ द्या. तुमचा हात लय सुजलाय."

फाटकवाल्याने बैलगाडी आणली. भागम्माला उचलताना नागुबाईंनी लेकीचा हात धरला आणि तशाच खाली बसल्या. भागम्मा गेली होती; पूर्णेला जायचं कारणच उरलं नव्हतं. बाळही पोटातच गेलं होतं.

पंधरा दिवसांनी अप्पांनी हैदराबादहून गास्केट मागवलं आणि दोन दिवसांत ते आलं. बन्सीधरने ते तासाभरात बसवलं. हँडलच्या अर्ध्या फेऱ्यात मी चालू झाले आणि थंडगार सकाळीही एका लयीत चालत राहिले. अप्पा शेडच्या खांबाला धरून उभे होते. चंद्रभान गळ्यात हात बांधून दूर बसला होता. नागुबाई आवाज ऐकून दारात आल्या.

"आता कुठं जायचंय?" एवढंच त्या म्हणाल्या.

अप्पांनी मला बंद केलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, यंत्र खोटं आजारी पडत नाही. ते थरथरलं, खोकलं, तर त्याच दिवशी त्याच्यापाशी थांबा. आणि रोज त्याला हात लावणारा माणूस काही सांगत असेल, तर त्याला कामचुकार म्हणू नका.