तेविसावी ओळ

"हातमोजा काढून टाकलाय त्याने," खिडकीपाशी उभा असलेला ताइस्तो म्हणाला.

साइमी धावतच खाली गेली. पाळणाघर बंद होतं, म्हणून तिचा चौदा महिन्यांचा ओइवा विद्यापीठातल्या संगणक विभागाच्या अंगणात, तिथल्या रीतीने थंडीतही बाबागाडीतच झोपला होता. बाहेर उणे आठ अंश. तिने हातमोजा चढवला, नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. वर येईपर्यंत ताइस्तोने तिच्या टेबलावर जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवला होता. त्याच्या 'सिल्ता' या साधनाच्या चाचणीच्या मूळ नोंदी. छापील लेखात सगळं मावलं नव्हतं, म्हणाला; तिला उपयोग होईल.

साइमीचं काम ऐकायला साधं होतं. प्रोग्राम चालताना आत काय घडतं ते चित्रांतून दाखवणारी एकतीस साधनं तिने गोळा केली होती. कुठलं कोणासाठी, कुणावर तपासलं, आणि मुख्य म्हणजे त्याने खरंच जास्त समजतं का, असा तिचा तक्ता. होता तो प्रबंधासाठी. पण विभागप्रमुख राउनीने सांगून टाकलं होतं की तक्ता पाहून जूनपासून एकच साधन ठेवायचं. तेविसाव्या ओळीत 'सिल्ता' होतं. ताइस्तोने एकट्याने लिहिलेलं, बावीस वर्षं एकट्याने सांभाळलेलं. ते गेलं की त्याची नोकरीही जाणार, हे राउनी बोलली नव्हती. कळलं मात्र सगळ्यांना होतं.

लेखातले आकडे उत्तम होते. 'सिल्ता' वापरणाऱ्या मुलांनी नुसता कोड वाचणाऱ्यांपेक्षा दुप्पट चुका शोधल्या होत्या. वह्यांत पेन्सिलीने मिनिटामिनिटाची नोंद होती. तिसऱ्या वहीत साइमी थांबली. 'दहा चाळीस. दुसऱ्या रांगेतली मुलगी अडली. कुठला बाण बघायचा ते दाखवलं.' 'दहा बावन्न. लाल टोपीवाला. शेजारी जाऊन बसलो.' पानोपानी तेच. दुसऱ्या खोलीत नुसता कोड वाचणाऱ्या मुलांच्या वहीत फक्त आकडे होते.

तिने उठून खिडकीतून बाबागाडी पाहिली. बसली. पुन्हा उठली. या वह्या तिच्याकडे कुणी मागितल्या नव्हत्या. लेख छापलेला होता. गठ्ठा बांधून परत दिला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता.

कॉफीच्या वेळी तिने विचारलंच. चाचणीत तू मुलांना मदत करत होतास का?

"अडली तर."

"फक्त सिल्ताच्याच खोलीत?"

"दोन खोल्यांत एकदम कसा बसणार मी?" तो हसला. मग दालचिनीचा पाव कपात बुडवता बुडवता त्याचा हात थांबला. "ती मुलगी रडकुंडीला आली होती, साइमी. नुसतं बघत बसायचं होतं का?"

चाचणी घेणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. तिने कप बाजूला सारला.

"म्हणजे ते आकडे सिल्ताचे की माझे, हे कळायला मार्ग नाही," तोच म्हणाला.

'अंशतः सिद्ध' असं काहीतरी लिहिता येईल, ती पुटपुटली.

"तुझ्या रकान्यात तीनच शब्द आहेत. सिद्ध, असिद्ध, उलट. नीट वाचलाय मी तक्ता." त्याने भिजलेला तुकडा खाल्ला. "असिद्ध लिही."

तिने तसं लिहिलं. बैठकीत 'सिल्ता' बंद करायचं ठरायला सात मिनिटं लागली. राउनीने ताइस्तोचे आभार मानले आणि विषय नव्या खुर्च्यांवर गेला. ताइस्तो डायरीत जूनची तारीख टिपत होता.

आठवडाभर शब्द जुळवून साइमी त्याच्या खोलीत गेली. तो दोन बोटांनी टाइप करत होता. उत्तरेकडच्या नऊ शाळांत अजून 'सिल्ता' चालत होतं. तो प्रत्येक शिक्षकाला वेगळं पत्र लिहीत होता.

"ताइस्तो, मी—"

"थांब जरा. तुझ्या तक्त्यात पहिलं आलेलं साधन कुठून उतरवून घ्यायचं, तो पत्ता दे. सिल्ता बंद झालं की वर्ग अर्ध्यावर असताना अडतील पोरं."

तिने पत्ता सांगितला. त्याने एकेक अक्षर टिपलं, वाचून दाखवलं, खात्री करून घेतली. पत्राच्या तळाशी एक ओळ आधीच होती: अडलात तर मला फोन करा. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याने विभागाचा नंबर खोडला आणि घरचा घातला.