खाऱ्या बर्फातला समेट

मित्रांनो, मी आईस्क्रीमचा एक जुना पॉट आहे. पण माझ्या वाट्याला दूध कमी आणि टाळकी जास्त आली. मुंबईच्या सुताराने मला सागवानी फळ्या लोखंडी कड्यांनी आवळून घडवलं. पोटात दुधाचा डबा, भोवती बर्फ, वर फिरवायचा दांडा. १९५२ साली मिठागरवाल्या गुणाजीने मला रेवदंड्याला नेलं.

गुणाजीची बहीण राही येसाजीच्या घरात दिलेली. दोन्ही घरांत खाडीच्या बांधावरून कुऱ्हाडी चालल्या आणि राहीचं माहेर दोन वर्षं बंद झालं. शेवटी पंचांनी ठरवलं: दोन्ही घरांनी एका भांड्यात साखर घालायची, ते गोड एकत्र खायचं. खाल्लं तर वैर मिटलं, राही माहेरी जायला मोकळी. नाहीतर माहेर कायमचं तुटलं. आणि ते भांडं मी!

राहीच्या सासऱ्याने, येसाजीने, वाटीभर साखर घातली. गुणाजीच्या चुलत्याने दोन वाट्या. मग येसाजीने चार!

"आमचा गोडवा काय कमी हाय?"

गुणाजीने बर्फात नेहमीचं मूठभर मीठ टाकून दांडा फिरवला. घाम निथळला, दूध पातळच. अहो, पाण्यात काही विरघळलं की ते सहजी गोठत नाही. साखर जितकी जास्त, तितका गारवा जास्त लागतो.

"तुमच्या साखरंत खोट हाय!" येसाजी गरजला.

"खोट तुमच्या रक्तात!" चुलता उसळला.

मग काय, वल्ही, फावडी, पहारी! समुद्र तीन पावलं मागे सरला. खोटं वाटलं तर भरतीला विचारा. येसाजीचं थोबाड माझ्यावर आपटलं. माझी एक फळी चिरली, त्याचे तीन दात फुटले. रक्त माझ्या कड्यांवरून ओघळलं. गुणाजीची भुवई फुटली, तरी हात थांबेना.

"राही, मीठ! पोतंच उलथ बर्फावर!"

"दादा, बर्फ वितळंल ना!"

"वितळू दे! वितळता वितळताच जास्त गार करतंय!"

तिने पोतं उलथलं. बर्फाचं पाणी सुटलं. पण त्या खाऱ्या पाण्याने गारव्यात साध्या बर्फालाही लाजवलं. तेवढ्यात एक पहार गुणाजीच्या मनगटावर बसली. हाड कडाडलं. राहीने झेप घेऊन दांडा धरला, दुसरा हात खाऱ्या बर्फात खुपसून डुगडुगणारा डबा आवळला. बोटं पांढरी पडली, फोड आले. दांडा जड झाला, आणखी जड झाला, आणि अडला. दूध गोठलं होतं!

तिने चमचा भरून शिव्या देणाऱ्या येसाजीच्या तोंडात कोंबला.

"गिळा मामंजी!"

फुटलेल्या दाताला गारठा लागला. म्हातारा वाकडातिकडा होऊन खाली बसला. सगळे थबकले. त्याने गिळलं, मग चुलत्यानेही एक चमचा खाल्ला.

"लई गोड झालंय," येसाजी कण्हला. "जा बाय, माहेरा."

माहेरी पोचल्यावर राहीला चमचा धरवेना. गुणाजीने डाव्या हाताने तिला भरवलं.

मित्रांनो, काम झालं की माझ्यासारख्याला गोड्या पाण्याने धुवा. मीठ लोखंड खातं. माझी कडी त्यानेच खाल्ली. पण त्या दिवशी मला कोण धुणार? सगळे एकमेकांच्या जखमा धुवत होते.