कालथ्याला नाक नसतं

मी एक लाकडी कालथा बोलतोय. दांडा दीड वितीचा, तोंड चपटं आणि एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं. बोलायची मला फारशी सवय नाही, माझं सगळं आयुष्य ढवळण्यात गेलं. म्हणून हळूहळू सांगतो.

माझं लाकूड सायप्रसच्या झाडाचं. मी आधी पावसाचं पाणी साठवायच्या टाकीची एक फळी होतो. दक्षिण लुइझियानात, बायूच्या काठी, ओव्हीदच्या बापाच्या अंगणात ती टाकी उभी होती. बायू म्हणजे वाहायचा कंटाळा आलेलं पाणी. गावात नळ आले तेव्हा ओव्हीदनं टाकी मोडली. बाकीच्या फळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला गेल्या. एक मात्र त्यानं मांडीवर घेतली आणि चाकू काढला.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव अझेली. बिडाच्या पातेल्याच्या बुडापासून तिच्या कोपरापर्यंत त्यानं खेकडे धरायच्या दोरीनं माप घेतलं आणि तेवढाच मला ठेवला. तोंड मुद्दाम चपटं केलं. गोल चमचा बुडाच्या कडेला पीठ ठेवून येतो आणि ते तिथं जळतं, असं त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं. तीन संध्याकाळी तो मला तासत होता, आणि तेवढ्या वेळात सगळी मिळून दहा वाक्यं बोलला असेल. तो तसाच होता आणि आहे.

अझेलीच्या हातात मी गेलो तो गम्बो नावाच्या दाट रश्श्यासाठीच. उत्तरेचा पहिला गार वारा सुटला की आमच्याकडे घरोघरी गम्बो शिजतो. घरची म्हातारी कोंबडी, धुरी दिलेलं सॉसेज, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, खाली भात. पण हे सगळं नंतर. आधी पातेल्यात तेल आणि पीठ घालून ते काळपट तपकिरी होईपर्यंत परतायचं. त्याला रू म्हणतात. पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात हात थांबवायचा नाही. थांबला की बुडाशी काळे कण धरतात, आणि मग ते सगळं कोंबड्यांनासुद्धा घालता येत नाही.

त्यामुळे एकदा मला हातात घेतलं की अझेली कुणाचीच राहत नसे. एकदा पाद्री दारात उभे राहिले. तिनं आतूनच सांगितलं की बसा, नाहीतर इकडे या. ते बिचारे स्वयंपाकघरात आले आणि पातेल्याच्या वाफेतच आशीर्वाद देऊन गेले. एकदा लेकीच्या, अर्लीनच्या, नाकातून रक्त येत होतं, तर एका हातानं तिचं नाक चिमटीत धरून दुसऱ्या हातानं मला फिरवत राहिली.

मला एकच कोडं होतं. हिला थांबायचं कधी ते कसं कळतं?

घड्याळाकडे ती बघत नसे. पातेल्याकडेही फारसं नाही, बायूकडच्या खिडकीतून बाहेर बघत असे. मग एका क्षणी मान किंचित वर करी, नाक तिरकं धरी, “बस” म्हणे आणि कांदा ओतून मोकळी होई. चर्र आवाज, आणि संपलं. दरवेळी रंग तोच, जुन्या खोगिराच्या चामड्याचा. सगळे म्हणत, तिच्या नाकाला कळतं. मला नाक नाही. मला फक्त ओढ कळते. सुरुवातीला पीठ बायूकाठच्या चिखलासारखं जड असतं. मध्ये ते हट्टाला पेटतं, मला पुढे जाऊ देत नाही. मग कधीतरी सैल पडतं. वास म्हणजे काय असतो, याचा विचार मी खिळ्याला टांगल्या टांगल्या पुष्कळ केला. माणसं डोळे मिटून तो आत ओढतात, म्हणजे तो बराच मोठा असावा.

अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. अर्लीन लग्न होऊन शहरात गेली. इथे ही दोघं, कोंबड्या आणि भाताची शेती.

एका हिवाळ्यात अझेलीला कडक ताप आला. पंधरा दिवसांनी उठली, पण त्यानंतर ती कॉफीच्या कपावर नाक धरीनाशी झाली. नासलेलं दूध तिनं ओव्हीदच्या कॉफीत घातलं. एकदा गॅसची कळ उघडी राहिली आणि ती शेजारीच बसून शेंगा सोलत होती. नेमकी त्याच दिवशी अर्लीन आली. दारं-खिडक्या उघडता उघडता ती रडली आणि मग चिडली. आईचं विसराळूपण वाढलंय, असं तिला वाटलं. आणखी एकदा असं झालं तर दोघांना शहरात नेऊन ठेवीन, आमच्या घरी आईला चुलीला हात लावावा लागणार नाही, असं ती दोनदा बजावून गेली. तिनं प्रेमानंच सांगितलं, पण अझेलीचा चेहरा मी पाहिला. चुलीला हात लावायचा नाही म्हणजे दिवसभर हात ठेवायचे कुठे, हे तिला सुचत नव्हतं.

वास गेलाय, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्या वर्षी गार वारा सुटला. अर्लीन आणि तिचा नवरा आले, ओव्हीदचा भाऊ क्लेबेर आला. अझेलीनं मला घेतलं. पीठ जड होतं, हट्टाला पेटलं, सैल पडलं. तिनं मान वर केली, नाक तिरकं धरलं. आणि वाट बघत राहिली. मी फिरत होतो आणि माझ्या तोंडाला बारीक, कडक कण लागायला लागले. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. तिनं कांदा ओतला तेव्हा फार उशीर झाला होता.

आमच्याकडे गम्बोवर भांडतात. मीठ कमी, रस पातळ, बटाट्याचं सॅलड वाटीत घालायचं की बाजूला, यावर क्लेबेर दर वर्षी तासभर वाद घालतो. त्या दिवशी टेबलावर कुणीच काही बोललं नाही. चमचे वाजत होते, तेवढंच. ओव्हीदनं तीन वाट्या खाल्ल्या. मला धुताना अझेलीला माझ्या रेषांत अडकलेले काळे कण दिसले. ते तिनं नखानं काढले, एकेक करून.

त्यानंतर बरणी आली.

दुकानात तयार रू बरणीत मिळतो. वाईट नसतो, खरं सांगायचं तर. पण एका शेजारणीकडे अशी बरणी दिसली म्हणून अझेली चर्चच्या पायरीवर वर्षभर हसत होती. आता ती स्वतः भाताच्या पिशवीखाली लपवून बरणी आणायची. ओव्हीद शेतावर गेला की रू पातेल्यात काढायची, आणि त्याची पावलं वाजली की मला घेऊन उगाच ढवळायची. मी नुसता पाण्यात फिरत होतो. मला ओढच लागत नव्हती. दोन वर्षं असंच चाललं. आणि सगळे वाखाणत होते. अर्लीन तर म्हणाली, आई, तुझ्या हातच्या गम्बोची सर कशालाच नाही. अझेली उठून भांडी घासायला गेली, जेवण अर्धं टाकून.

रिकाम्या बरण्या ती घराखाली सारायची. आमचं घर विटांच्या खांबांवर उचललेलं आहे. एका लाल कोंबडीला घराखाली अंडी घालायची खोड लागली, आणि ओव्हीद पोटावर सरपटत आत गेला.

आठ दिवस तो लाकडं फोडत राहिला. नवव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला, अर्लीन दुपारी येणार होती. सकाळी ओव्हीद खुर्ची घेऊन चुलीशेजारी येऊन बसला.

शेतावर काम नाही का, असं अझेलीनं विचारलं. नव्हतं. लाकडं फोडायची होती ना? फोडून झाली होती. कोंबड्या? त्या आपापल्या कामात होत्या. ती ॲप्रनला हात पुसत उभी राहिली. तो समोर असताना बरणी काढता येईना.

“अंड्यांसाठी घराखाली गेलो होतो,” ओव्हीद म्हणाला. “सहा बरण्या आहेत.”

अझेलीनं खिडकीबाहेर बघितलं.

“अर्लीनला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. ती मला इथून नेईल.” मग ती म्हणाली, “मला वास येत नाही, ओव्हीद. त्या तापापासून. कॉफीचा नाही, गॅसचा नाही. तुझाही नाही.”

“ते एक बरं झालं,” ओव्हीद म्हणाला.

ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. ओव्हीद उठला, पातेल्यात तेल ओतलं, पीठ घातलं आणि मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं.

“तू ढवळ. मी सांगतो.”

“तू सांगणार? तू तर आपल्या लग्नात पाद्र्यानं विचारल्यावरही नुसती मान हलवलीस.”

“ढवळ तू.”

मी फिरू लागलो. दोन वर्षांनी पीठ लागलं तोंडाला, जड आणि ओलं. ओव्हीद पातेल्यावर वाकला. मला वाटलं, आता मलाही कळेल, वास म्हणजे काय ते. मी इतका कान देऊन कधीच फिरलो नव्हतो.

“पीठ,” तो म्हणाला.

“पिठाला पिठाचा वास येतो हे मला नाकाशिवायही कळतं. नीट सांग.”

त्यानं आणखी वाकून वास ओढला. मग म्हणाला की कोंबड्यांच्या खाद्याच्या कोठीत सकाळी शिरल्यावर येतो तसा येतोय. ती ढवळत होती. पुढे मक्याच्या लाह्या आल्या, जत्रेतल्या, पहिल्या घाण्याच्या. पुढे अक्रोडासारखे पेकान भाजल्याचा आला, तिची आई राखेत पुरून ठेवायची तसे. अझेलीचा हात जरा मंदावला.

“मंद नको करू,” ओव्हीद म्हणाला. “आता कॉफी. पण आपली नाही. तुझ्या बापाच्या अंगणात, मी पहिल्यांदा आलो त्या रविवारी, ते लोखंडी तव्यात कॉफी भाजत होते. तू खुर्चीवर बसून माझ्या बुटांकडे बघत होतीस. तो वास.”

एवढं मोठं बोलणं त्या घरानं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अझेलीचा प्रश्न मात्र कामाचाच होता.

“तेव्हा कॉफी किती भाजली होती?”

“अजून व्हायची होती थोडी. म्हणजे आपलंही व्हायचंय. अजून नाही.”

तेवढ्यात मी सैल पडलो. पिठानं मला सोडलं. अझेलीचं मनगट थबकलं, पुन्हा फिरलं, आणि तिनं खिडकीवरची नजर काढून प्रथमच माझ्याकडे बघितलं.

“हा हलका झालाय.”

“कोण?”

“कालथा. हा इथंच हलका होतो. दर वेळी इथंच व्हायचा. माझ्या लक्षातच नव्हतं आलं.”

“मला वास अजून—”

“तुझं अर्धं नाक तंबाखूनं खाल्लंय,” ती म्हणाली आणि कांदा ओतला.

चर्र झालं. ओव्हीदनं वाकून बघितलं. जुन्या खोगिराचा रंग. फार तर एक छटा फिकट.

माझं कोडं असं सुटलं. तिच्या नाकाला कळत होतं हे खरं, पण मनगटालाही कळत होतं आणि ते माझ्यातून कळत होतं. इतकी वर्षं ती नाकाला श्रेय देत होती, आणि मीही.

दुपारी टेबलावर क्लेबेरनं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, “वहिनी, हा गम्बो आजारातनं उठलाय का? फिकट आहे.” अर्लीन म्हणाली फिकट नाही, मीठ कमी आहे. जावई म्हणाला दोन्ही बरोबर आहे, सॅलड वाटीतच घालायला हवं. मग तिघंही बोलू लागले, एकमेकांच्या वर. अझेली हात मांडीवर ठेवून ऐकत होती. असं भांडण तिच्या टेबलावर फार दिवसांनी झालं होतं.

तिला आता काही लपवायचं नव्हतं. तिनं आपल्या तोंडानंच सांगितलं की तिला अडीच वर्षं वास येत नाही, गॅस त्यामुळे कळला नव्हता, आणि मागच्या दोन वर्षांचे सगळे गम्बो बरणीतले होते.

अर्लीननं चमचा खाली ठेवला. “आणि हा?”

“हा मी केला. तुझे बाबा सांगत होते.”

“बाबा बोलत होते?”

“पाऊण तास.”

अर्लीननं बापाकडे बघितलं, मग आईकडे. ती म्हणाली की मग तर तुम्ही दोघं शहरातच चला, तिथं बाबा सांगतील, तू करशील. ओव्हीदनं तोंडातला घास संपवला.

“शहरात मला कसलाच वास येत नाही,” तो म्हणाला.

अर्लीनला हसू आवरेना, डोळे मात्र भरले होते. शेवटी तिनं एक अट घातली. आई एकटी चूल पेटवणार नाही, दोघं स्वयंपाकघरात असतील तरच. ओव्हीदनं मान हलवली. त्या दिवसापासून त्याची खुर्ची चुलीशेजारीच आहे.

याला आता अकरा हिवाळे झाले. मी दोन बोटं झिजलोय. ते दोन बोटं लाकूड कुठं गेलं, याचा मी खूप विचार केला. पातेल्यातून वाटीत गेलं असणार, आणि वाटीतून या माणसांत. दांड्याला एक बारीक चीर गेलीय. एखाद्या वर्षी मी मोडेन. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी रोज रांधणारं माणूस एखाद्या दिवशी काही जाळून बसलं, तर गप्प बसून तीन वाट्या खाऊ नका, आणि हसूही नका. जवळ जाऊन उभे राहा. तुम्हाला काय वास येतोय ते सांगा. आणि त्याच्या हाताला काय कळतंय, तेही विचारा.

बाहेर उत्तरेचा वारा सुटलाय. अझेली कांदा चिरून बसलीय, ओव्हीदनं तेल ओतलंय. आता मला गेलं पाहिजे. एकदा सुरुवात झाली की मध्ये थांबून कुणाशी बोलता येत नाही.