पहिली कालवड

फाल्गुन सरत आला होता. पहाटेचा गारठा गोठ्यातून अजून हलला नव्हता, तोच सुमनबाईची कपिला व्याली, आणि तिच्याजवळ बसलेल्या दोघी बायका एकदमच वासरावर वाकल्या.

"गोऱ्हा," मालनबाई म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघितलं, बाई. वेतामागं वेत, गोऱ्हाच. लय हट्टी तुझी गाय."

सुमनबाई कुडाला टेकून बसली. दारी वासरू जन्मले असता एखाद्या स्त्रीने मृत्यूची वार्ता ऐकल्यासारखे बसावे, हे आमच्या गोंदेखळीत नवे होते. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या पंचक्रोशीने 'गोकुळ निधी' स्थापिला. सुगीला प्रत्येक घरातून पायलीभर नागली यावी, नाशकात नोकरीस गेलेल्यांनी यथाशक्ति वर्गणी धाडावी, आणि उरलेला भार रावजी आप्पांनी उचलावा, अशी रीत पडली. आप्पा निधीचे अध्यक्ष. सारा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला, पण हात उदार. या निधीतून शाळेवर कौले चढली, बौद्धवस्तीत विहीर खणली गेली, आणि निराधार बायकांच्या दारी दुभत्या गाई बांधल्या गेल्या. गाईसाठी नियम एकच होता. पहिली कालवड निधीला द्यावी, म्हणजे ती पुढच्या बाईच्या दारी जाईल. तोवर गाय विकू नये, शिवेबाहेर नेऊ नये, जिला दिली तिनेच सांभाळावी. नियम करणाऱ्यांचा हेतू गंगाजळासारखा निर्मळ होता. गाईला मात्र तो नियम कोणी सांगितला नव्हता.

सुमनबाईचा नवरा दगडाच्या खाणीत दरडीखाली गेला, आणि निधीची कपिला तिच्या दारी आली. तिने आपली चंद्रकला शाळेसाठी नाशकास, इंदिरानगरात राहणाऱ्या भावाकडे ठेवली. भावाने तिच्यासाठीही एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम पाहून ठेवले होते. "कालवड झाली की मी आलेच," असे सांगून ती मागे राहिली, ती राहिलीच. गेल्या दिवाळीस भाऊ सहकुटुंब आला, तेव्हा चंद्रकला मामीला आई म्हणत होती, आणि मामेभावंडांचे ऐकून सुमनबाईला आत्या.

"आत्या न्हवं गं, आई," सुमनबाई म्हणाली. पोर लाजली आणि मामीच्या पदराआड गेली.

गोऱ्हा झाला त्याच सकाळी सुमनबाई देवळाच्या ओट्यावर आली. निधीची मंडळी तेथेच बसत. मीही एका कडेला जपाची माळ घेऊन बसलो होतो. तिच्या मागोमाग मालनबाई आली आणि पायरीखाली उभी राहिली. ती बौद्धवस्तीतली. निधीची पुढची पाळी तिची होती. त्या आशेवर ती परक्या गाईला रोज बांधावरचे गवत कापून आणून घालीत असे.

"आप्पा, गाय परत घ्या," सुमनबाई म्हणाली.

"परत? येडी का काय तू! दान हाय ते. दिलेलं दान माघारी घेतलं तर माझे पितर शिव्या देतील. इचार शास्त्रीबुवांना."

मी मान हलविली. दिलेले दान दात्याने हिरावून घेऊ नये, असे शास्त्र आहे खरे.

"मंग मला इकू द्या."

"इकायची? अन् कालवड? निधीची हाय ना ती! पंचक्रोशीच्या नागलीवर आलेली गाय बाजारात उभी करशील?"

"परत द्यायची म्हणलं तर दान, नि इकायची म्हणलं तर निधीची. असं कसं वो, आप्पा?"

कडेला तंबाखू मळीत बसलेला चिमाजी खाकरला. "मंग काय आता आप्पांनी व्यावी का कालवड?"

ओटा हसला. आप्पाही हसले. "धीर धर, सुमन. पुढल्या वेताला होईल. दूध हाय, गावात मान हाय, कमी काय हाय तुला?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा तिळभर नव्हता. म्हणूनच त्यातून बाहेर पडावयास वाट नव्हती.

"आप्पा, एक इचारू?" पायरीखालून मालनबाई म्हणाली. "गाय दिली त्या दिशी दावं कुणी काढलं?"

ओट्यावरचे हसणे थांबले. आमच्याकडे दान दिलेली गाय गळ्यातल्या दाव्यासकट देतात. वाट्याने पाळावयास दिलेली गायही मालकाच्याच दाव्याने जाते, कारण मालकी सुटलेली नसते. विकणारा तेवढा आपले दावे काढून घेतो. घेणारा आपले बांधतो, आणि तेथे विकणाऱ्याचा गाईशी संबंध संपतो. कपिला देण्याच्या समारंभात वाजंत्री वाजत असता आप्पांनी जन्माच्या सवयीने तिचे दावे सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकले होते. सुमनबाईने जुन्या लुगड्याची चिंधी वळून बांधली आणि गाय घरी नेली. हे आम्ही सर्वांनी पाहिले होते, आणि गंमत म्हणून विसरलो होतो.

"सवय ती, बाई," आप्पा म्हणाले. "हात आपोआप गेला."

"गेला ना पण? बाजारात कुणी दावं काढून घेतलं, नि मागनं म्हणला, हिची कालवड माझी, तर काय कराल त्याचं?"

"जोड्यानं हाणतील!" चिमाजी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

आप्पांनी आपल्या तळहाताकडे पाहिले. दाव्याचा शब्द त्यांनी मोडला, असे कोणत्याही बाजारात कोणी म्हणाले नव्हते.

"सुटली," ते शेवटी म्हणाले. "शबूद बाजारात पडला नाय, तो देवळात कसा पाडू? गाय तुझी, सुमन. कालवडीचं काय मागणं नाय."

दोघी परतताना वाटेत सुमनबाई थबकली. "मालन, तुझी पाळी गेली की गं."

"कळतंय मला. पण पोटची पोर तुला आत्या म्हणती, ते मला ऐकवंना."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबककडून नाशकास जाणारी मोटार येण्यापूर्वी सुमनबाईने कपिला आणि गोऱ्हा मालनबाईच्या दारी नेले. गाईच्या गळ्यातली चिंधी सोडून तिने गाठोड्यात खोवली.

"बांध तुझं."

"अन् कालवड झाली तर?"

"तुझीच. माझ्यापाशी कुणी मागितली न्हाय, मी तुझ्यापाशी मागायची न्हाय."

सुमनबाईला घेऊन मोटार गेली. मालनबाईने गाईच्या मोकळ्या मानेवर हात ठेवला.

पुढे अक्षय्यतृतीयेस निधीने आणखी गाई दिल्या. मंडप नेहमीसारखा, वाजंत्री नेहमीसारखी. गाईंच्या गळ्यात मात्र दाव्यांऐवजी लोखंडी साखळ्या होत्या, लोहाराकडून कडी ठोकून बंद केलेल्या, हाताने सुटणार नाहीत अशा. आप्पांनी एकेक साखळी मायेने ओढून पाहिली. टाळ्या झाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करीत पहिली बाई पुढे आली.