कालिनाच्या गव्हाणीतला पाव

"पहिला तुकडा गोठ्यात नेऊन दे, पोरी. गाईला भूक लागली तर ती कुणाला सांगणार?"

आईचा हा आवाज लहानपणीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळचा, चुलीचा धूर आणि ताज्या गोल पावाचा वास घेऊन येणारा. स्तारा प्लानिना डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या पशुखाद्य संशोधन संस्थेत नळाखाली कापडी पिशव्या धुताना सेवदाला तो ऐकू आला, आणि तिचे हात थांबले.

पिशव्या इवल्याशा, आत गव्हाचा पेंढा. कालिना गाईच्या कुशीला, पचन तपासता यावं म्हणून मुद्दाम पाडलेलं, झाकण लावलेलं भोक होतं. त्यातून पिशव्या पोटात सोडायच्या, दोन दिवसांनी काढायच्या आणि न पचलेला पेंढा तोलायचा. यंदा पेंढा गेला तसाच परत येत होता.

संस्थेचा प्रमुख डॉक्टर बोनेव आवाज चढवणारा माणूस नव्हता. सकाळी त्याने सगळ्यांना समजावलं, की दाण्यातलं पीठ पोटात गेलं की तिथे आंबट होतं आणि पेंढा पचवणारे जंतू हातपाय गाळतात. म्हणजे कुणीतरी गाईला चोरून दाणा घालतंय. मग गोठेवाल्या गेन्चोकाकांच्या खोलीत त्याला कोंबड्यांसाठी ठेवलेलं सातूचं पोतं दिसलं. काकांना गोठ्यावरून काढायचं की नाही, ते दुपारी ठरणार होतं. बायको गेल्यापासून काका गोठ्याला लागूनच राहत. गाई सोडून त्यांना दुसरं गणगोत नव्हतं.

सातू सेवदानेही घातले नव्हते. तिने पाव घातला होता. नाताळला रीतीचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी कालिनाने तिचा खिसा हुंगला. नुसता पेंढा चघळणारी ती खरखरीत जीभ, ते आशाळभूत डोळे, सेवदाला बघवेना. मग खाणावळीत उरलेला पाव खिशात भरून रोज, पार चेरीला फुलं येईतो.

सकाळी ती बोलली नाही. पांढरा डगला घालून इतकी वर्षं वावरलेली बाई गाईला आईच्या रीतीने घास देते, हे ऐकून सगळे हसले असते. तिने नजर फरशीला खिळवली आणि पोत्याचा विषय पुढे सरकू दिला.

आता ती गोठ्यात गेली. काका झाडत होते.

"ये. तुझ्या लाडकीचं पोट बघ, आमच्या साहेबांपेक्षा मोठा साहेब झालंय, सगळे त्याच्याच तालावर नाचतात," ते म्हणाले. मग मान वर न करता हळूच, "गव्हाणीच्या फटीतले पावाचे तुकडे खरवडून काढलेत मी. आता कुणाला दिसायचे नाहीत. जा, पिशव्या वाळत घाल."

"तुम्ही बघितलं होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. माझी गेलेली म्हातारीपण गाईला असाच घास द्यायची गं. तुला काय म्हणू?"

सेवदाचे कान तापले. त्यांनी रागवायला हवं होतं. रागाला तिच्याकडे उत्तर होतं.

दुपारच्या बैठकीत दाणा कुणी घातला ते बोनेवने विचारलं. काकांनी टोपी पिळली. "पोतं माझंच आहे, साहेब. काय ते ठरवा." कुणीतरी खुसखुसलं.

सेवदा उठली. हात अजून ओले होते, ते तिने डगल्याला पुसले नाहीत.

"सातू नव्हते, डॉक्टर. पाव होता. रोज मीच घालत होते. काकांना ठाऊक होतं. ते माझ्यासाठी गप्प बसले." तिने काकांकडे बघितलं. "मी माझ्यासाठी."